गेममध्ये एक टॅप, खऱ्यात सात वर्षं: रायफलच्या तोंडावरच्या नळकांड्याची गोष्ट

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललो तसंच उतरवलंय. अधले-मधले ‘म्हणजे ना’ काढले आणि मागे सतत आरवणारा शेजारचा कोंबडा काढला. या वेळी रेकॉर्डिंग पुण्यातल्या खोलीत नाही, समुद्रपूरला घरी केलंय. माडीवर पंखा बंद करून. त्यामुळे आवाज घामेजलेला वाटला तर समजून घ्या.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. हिंगणघाटकडचा एक पोट्टा, कॉलेजात आहे, आपला नेहमीचा ऐकणारा. तो म्हणाला, “दादा, तू इंजिनिअर आहे ना? आमच्या काकाकडे रायफल आहे, लायसनची. तिच्या तोंडावर जे नळकांडं आहे, थे जरासं वाकडं वाटते. काढून, थोडं घासून, सरळ करून बसवता येते का? ओळखीचा लेथवाला आहे. दहा मिनिटांचं काम आहे म्हणते.”

मी लगेच टाइप केलं, “नको करू.” त्याचा उलटा मेसेज, “काऊन?”

या ‘काऊन’चं उत्तर देण्यात पंचवीस मिनिटं गेली, म्हणून एपिसोडच केला. आधीच सांगून ठेवतो: मी सॉफ्टवेअरवाला आहे, बंदूक दुरुस्त करणारा नाही. शनिवार-रविवारी रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारतो, कॉलेजात एनसीसीत होतो, आणि एखादी गोष्ट का चालते हे समजल्याशिवाय मला झोप येत नाही. एवढंच माझं भांडवल.

गेममधलं मझल

तुमच्यापैकी निम्म्यांना हे नळकांडं बीजीएमआयमुळे माहीत आहे. बंदुकीला चार-पाच खाचा दिसतात, त्यातली एक ‘मझल’. तिथे तीन गोष्टी लावता येतात: कॉम्पेन्सेटर, फ्लॅश हायडर, सप्रेसर. जमिनीवर पडलेली उचलली, बोटाने ओढून खाचेत टाकली, खट्, झालं. धावता धावता, एका सेकंदात. नेम तसाच्या तसा.

गेम बनवणाऱ्यांनी इथे एक मोठी सवलत दिली आहे. खऱ्या रायफलवर हे नळकांडं काढून परत लावलं की नेम तसाच राहील याची खात्री देता येत नाही. तो तपासावा लागतो. का, ते कळायला गोळी नळीतून बाहेर पडताना काय होतं ते आधी बघू.

शेवटच्या इंचात काय घडतं

बारूद पेटली की तिचा गॅस होतो, आणि तो गॅस गोळीला नळीतून ढकलत नेतो. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्यांनी गोळी स्वतःभोवती गरगर फिरते. भोवरा फिरताना उभा राहतो ना, तसंच. फिरणारी गोळी सरळ जाते.

आता गोळी तोंडाशी पोचली. बाहेर पडली. ज्या क्षणी तिचा बूड नळीची कड सोडतो, त्या क्षणी मागचा कोंडलेला गॅस सुटतो. तो गोळीपेक्षा जास्त वेगाने धावतो, क्षणभर गोळीला मागून गाठून पुढेही जातो. म्हणजे नळीचा आधार सुटल्यावरसुद्धा गोळी थोडा वेळ गॅसच्या धक्क्यात असते. हा धक्का चारी बाजूंनी सारखा बसला तर ठीक. एका बाजूने जास्त बसला तर गोळी जराशी कलते, आणि पुढे कलतच जाते.

म्हणून नळीच्या तोंडाची ती गोल कड फार महत्त्वाची. इंग्रजीत तिला ‘क्राउन’ म्हणतात, मुकुट. नाव शोभतं. मुकुटाला एक टोचा पडला की गॅस त्या टोच्यातून आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो.

एनसीसीत आमचे उस्ताद नळी साफ करायला शिकवायचे तेव्हा पुलथ्रूचं वजन नेहमी चेंबरकडून सोडायला लावायचे आणि दोरी तोंडाकडून ओढायला. तीही सरळ रेषेत. कुणी तिरकी ओढली की ओरडायचे. मला वाटायचं, फौजी माणसं, शिस्तीसाठी शिस्त. आत्ता कळतं. तिरकी दोरी वर्षानुवर्षं कडेवर घासली की कड झिजते. उस्ताद मुकुट सांभाळत होते.

चार नळकांडी, चार कामं

तोंडावर काहीही लावलं तरी ते काम एकाच गोष्टीवर करतं: त्या सुटलेल्या गॅसवर. फक्त प्रत्येकाचा हेतू वेगळा.

पहिलं, फ्लॅश हायडर. गरम गॅस आणि न जळलेले कण बाहेरच्या हवेत मिसळले की भडका उठतो. फ्लॅश हायडरच्या उभ्या फटी तो गॅस पसरवतात, भडका लहान होतो. मुख्य फायदा मारणाऱ्याला, रात्री त्याचेच डोळे दिपत नाहीत. निवडणुकीला आपल्या शाळेत बंदोबस्ताचे जवान येतात, त्यांच्या हातात इन्सास असेल तर नळीच्या टोकाला फटी दिसतील. लांबूनच बघा. इन्सासचं ते टोक दुहेरी कामाचं आहे, त्यावर रायफल ग्रेनेडही बसवता येतो.

दुसरं, मझल ब्रेक. हा गॅसला आडवा किंवा थोडा मागे वळवतो. गॅस मागे, म्हणून बंदूक पुढे. खांद्याला धक्का कमी. किंमत अशी की आवाज आणि हवेचा झोत बाजूच्या माणसाच्या कानावर येतो.

तिसरं, कॉम्पेन्सेटर. गोळी सुटली की नळी वर उचलते. हा गॅसला वरच्या बाजूला सोडतो, म्हणून नळी खाली दाबली जाते.

चौथं, सप्रेसर, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की बुलेट गाडी आठवते, आणि ते चुकीचं नाही. हिरम पर्सी मॅक्सिम नावाच्या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि गाड्यांच्या इंजिनाचा आवाज कमी करण्यावरही त्यानेच काम केलं. त्याचे वडील हिरम मॅक्सिम, मशीनगनवाले. बापाने आवाज वाढवला, पोराने कमी केला. दोन्हीकडे तत्त्व एकच: गॅसला एकदम सुटू न देता हळूहळू थंड आणि सैल होऊ द्यायचं. पण सिनेमातला ‘फुस्’ विसरा. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो, सप्रेसर त्यातले वीस-तीस कमी करतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका होतोच. तो कुठल्याही नळकांड्याने थांबत नाही.

‘सरळ’ म्हणजे काय?

पोट्ट्याच्या प्रश्नात एक शब्द होता: वाकडं. इथे मी त्याला उलटं विचारलं, “वाकडं म्हणजे कसं वाकडं?” कारण इथे वाकडेपणाचे दोन प्रकार आहेत, आणि दोघांची जात वेगळी आहे.

पहिला प्रकार, फिरून वाकडं. घड्याळाचा काटा बाराऐवजी एकवर असावा तसं. फ्लॅश हायडरच्या फटी चारी बाजूंनी सारख्या असतील तर थोडं फिरल्याने फारसं बिघडत नाही. पण काही नळकांड्यांना वर-खाली असते. अमेरिकेच्या एम१६ए२ रायफलच्या हायडरला खालच्या बाजूला फट नाही. आडवं पडून गोळी मारली तर खालून सुटलेला गॅस धूळ उडवेल, म्हणून ती बाजू बंद ठेवली. आता हे कुणी अर्धा आटा फिरवून लावलं तर बंद बाजू वर, फट खाली. धूळ तोंडावर.

याचं मला आवडणारं उदाहरण एकेएम, म्हणजे एके-४७ ची १९५९ ची सुधारलेली आवृत्ती. तिच्या तोंडावर तिरका कापलेला, चमच्यासारखा तुकडा असतो. पुष्कळांना वाटतं तुटलाय. तो मुद्दाम तसा आहे. उजव्या खांद्यावरून मारताना नळी वर आणि उजवीकडे सरकते, आणि हा तिरका चमचा गॅसच्या जोरावर तिला खाली-डावीकडे ढकलतो. म्हणजे तो एकाच कोनात बसला पाहिजे. बनवणाऱ्यांनी काय केलं? एक स्प्रिंगवाली पिन दिली. चमचा फिरवत आणला की पिन खाचेत खट् बसते. चुकीच्या कोनात तो थांबतच नाही. प्रोग्रामिंगमध्ये आपण म्हणतो ना, चूक करणं अशक्य होईल असं डिझाइन करा. ते साठ वर्षांपूर्वीच एका पिनेने केलंय.

दुसरा प्रकार, कलून वाकडं. नळीच्या भोकाची मधली रेषा आणि नळकांड्याच्या भोकाची मधली रेषा एकमेकींत बसत नाहीत. हे धोक्याचं. नळकांड्याचं भोक गोळीपेक्षा जेमतेम मोठं असतं. समजा नळकांडं १५० मिलिमीटर लांब आहे आणि अर्धा अंश कललंय. अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. पण १५० मिलिमीटर पुढे जाऊन ते १.३ मिलिमीटर सरकलेलं असतं. तेवढ्यात गोळी आतल्या भिंतीला घासू शकते. घासली तर नेम गेला हे लहान नुकसान. नळकांडं फाटू शकतं, उडू शकतं, तुकडे कुठे जातील सांगता येत नाही.

आणि हे कलणं बहुतेक वेळा नळकांड्यात नसतं, नळीवरच्या आट्यांत असतं. आटे भोकाशी समांतर कापलेले नसले तर त्यावर कितीही चांगलं नळकांडं लावा, ते कलणारच. म्हणजे आपला लेथवाला नळकांडं घासत बसेल आणि दोष नळीत असेल. फ्रंटएंडला दिसणारा बग बॅकएंडला असतो तसं.

शिवाय लेथवर काम पकडताना बाहेरची गोलाई धरून मध्य काढतात. बंदुकीच्या नळीचं बाहेरचं अंग आणि आतलं भोक यांचा मध्य एकच असेल याची हमी नसते. मध्य भोकावरूनच काढावा लागतो. ते जाणणारा, त्याची मापं असणारा माणूस वेगळा. आपला लेथवाला पंपाचा शाफ्ट उत्तम करतो, मी त्याचा मान राखून सांगतोय.

०.१ मिलिमीटरची किंमत: माझी फजिती

आता स्वतःचं सांगतो. माझी एअर रायफल. तिच्या नळीपुढे एक पोकळ नळी जोडलेली असते आणि समोरची माशी, म्हणजे फ्रंट साइट, त्या नळीवर बसते. छर्रा या पुढच्या नळीला शिवत नाही. तिचं काम माशी लांब नेणं. मागची साइट आणि पुढची माशी यांतलं अंतर जितकं जास्त, तितकी नेमाची चूक कमी.

गेल्या पावसाळ्यात ही नळी मी साफ करायला काढली, पुसली, परत लावली. दुसऱ्या दिवशी रेंजवर पहिले दहा छर्रे उजवीकडे. मी मागच्या साइटचे चार क्लिक फिरवले. पुढचे दहा डावीकडे. परत क्लिक. परत उजवीकडे. तासभर मी क्लिकच फिरवत होतो. मग वाटलं श्वास चुकतोय, मग वाटलं खांदा चुकतोय, मग वाटलं आपल्याला हे जमायचंच नाही.

सर मागून बघत होते. पुढे आले, सुरक्षित केलेल्या रायफलची ती नळी दोन बोटांत धरली आणि हलकेच हलवली. ती हलली. अगदी थोडी. सर म्हणाले, “आधी स्क्रू, मग क्लिक, मग स्वतःला शिव्या. तू उलटं केलंस.”

घरी येऊन गणित केलं. माझ्या रायफलवर दोन साइटमधलं अंतर साधारण ७०० मिलिमीटर. माशी फक्त ०.१ मिलिमीटर सरकली, म्हणजे जवळपास कागदाच्या जाडीएवढी, तर दहा मीटरवर छर्रा किती सरकेल? दहा हजार भागिले ७००, गुणिले ०.१. उत्तर १.४ मिलिमीटर. फार वाटत नाही. पण दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि एका गुणाची पट्टी अडीच मिलिमीटरची. म्हणजे एका छर्‍यामागे अर्ध्याहून जास्त गुण. साठ छर्‍यांच्या सामन्यात तीस-पस्तीस गुण. माझा सगळा दोन वर्षांचा सराव त्या एका ढिल्या स्क्रूने खाल्ला असता.

हेच ५० मीटरवर करून बघा. साइटमधलं अंतर ८०० धरा. ०.१ मिलिमीटरची चूक टार्गेटवर सहा मिलिमीटरच्या वर जाते. तिथे एका गुणाची पट्टी आठ मिलिमीटर. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांनी. त्या आकड्यातला दशांश बघा. तिथे ०.१ गुण म्हणजे टार्गेटवर ०.८ मिलिमीटर. आता विचार करा, गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, तिन्हीत ती माशी जागची हलता कामा नये.

मग काढायचंच नाही का? काढतात. पण काढलं की परत लावताना खूण बघतात, स्क्रू ठरल्या जोराने आवळतात, आणि नंतर गोळ्या मारून झिरो तपासतात. सामन्याआधी ‘साइटिंग शॉट’ची वेळ त्यासाठीच दिलेली असते. एकदा नळकांडं काढलं की आधीचा झिरो जुना झाला असं धरायचं. माझ्या नळीवर मी आता मार्करने एक बारीक रेघ मारली आहे, निम्मी नळीवर, निम्मी जोडावर. रेघ जुळली नाही की मी क्लिकला हात लावत नाही.

खेळाचा नियमही तोंडाशी कडक

तुम्ही म्हणाल, मग ऑलिंपिकवाले कॉम्पेन्सेटर का लावत नाहीत, धक्का तरी कमी होईल? लावू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात रायफलवर कॉम्पेन्सेटर आणि मझल ब्रेक दोन्हीला बंदी आहे. नळीला किंवा पुढच्या जोडनळीला भोकं पाडायलाही बंदी. सामन्याआधी इक्विपमेंट कंट्रोलमध्ये हे सगळं मापतात, वजन करतात. नेम माणसाचा असावा, गॅसचा नको, असा त्यामागचा विचार.

म्हणजे ज्यांचं अख्खं आयुष्य रायफल आहे, त्यांनासुद्धा नळीच्या तोंडाशी वाट्टेल ते करायला मिळत नाही. काकांच्या पुतण्याला तर नाहीच.

आणि आता कायदा

हा भाग लक्ष देऊन वाचा. बाकी विसरलात तरी चालेल.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे. त्याच्या कलम २ मध्ये अग्निशस्त्र म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे. आपल्याला वाटतं अग्निशस्त्र म्हणजे बंदूक. व्याख्या त्याहून रुंद आहे. बंदुकीचा आवाज किंवा भडका कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तू, तीही अग्निशस्त्रात मोडते. बंदुकीचे भागही मोडतात. म्हणजे सप्रेसर किंवा फ्लॅश हायडर नुसता, सुटा, ड्रॉवरमध्ये पडलेला असला तरी कायद्याच्या नजरेत ते अग्निशस्त्रच. बंदूक शेजारी असायची गरज नाही.

कलम ५ सांगतं की अग्निशस्त्र बनवणं, विकणं, त्यात बदल करणं, ते दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, या धंद्याच्या कामांना वेगळा परवाना लागतो. काकांचा परवाना बंदूक बाळगायचा आहे. लेथवाल्याकडे कुठलाच नाही. कलम ६ तर नळी आखूड करण्याबद्दलच आहे. तोंड खराब झालं म्हणून ‘इंचभर कापून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर ते तिथे बसतं.

शिक्षा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ आणि ६ मोडल्यास किमान सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत. शीर्षकातली सात वर्षं हीच. लेथवाल्याचं दहा मिनिटांचं काम आणि सात वर्षं. हिशोब तुम्हीच करा. त्यात काकांचा परवाना जाऊ शकतो आणि लेथवाल्याचं पोट. तुझ्या एका ‘जरा बघ ना’पायी.

एअर रायफलचं वेगळं आहे. ०.१७७ इंच बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही. माझी सामन्याची रायफल त्याच्या निम्म्याहून खाली आहे. पण लागत नाही म्हणून तिच्यावर प्रयोग करून ताकद वाढवली तर ती सवलत गेली.

मामाची ठासणी

हे सगळं मी रात्री जेवताना मामाला सांगत होतो. मामाचं शेत गिरडच्या वाटेवर. पीक संरक्षणासाठी त्याच्याकडे ठासणीची बंदूक आहे, परवान्याची. आपल्या कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. रानडुकरं आणि रोही तूर लोळवून टाकतात तेव्हा मामा रात्री मचाणावर बसतो आणि हवेत बार काढतो.

मामा शांतपणे ऐकत होता. सप्रेसरचं सांगून झालं तसा म्हणाला, “म्हणजे आवाज न येणारी बंदूक?”

“कमी येणारी.”

“मंग डुक्कर काऊन पळन बे?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पीक राखणाऱ्या माणसाला बंदुकीतून हवा असतो तो आवाजच. गेमने आपल्या डोक्यात भरवलंय की तोंडाला काहीतरी लावलं की बंदूक भारी होते. भारी कशासाठी, ते आधी विचारायचं असतं. मामाला माहीत होतं.

निवडणूक लागली की मामा ती बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करतो, पावती घेतो, आचारसंहिता संपली की परत आणतो. पावती देव्हाऱ्यामागे ठेवतो. मी लहान असताना त्या बंदुकीला एकदाच हात लावला होता. मामाने मारलं नाही, ओरडलाही नाही. नुसती बंदूक उचलली आणि माझा हात धुवायला लावला. अजून आठवतं.

मग त्या पोट्ट्याने काय करावं?

त्याला मी पाठवलेलं उत्तर इथे देतो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी परवान्याचं हत्यार असेल तर तुम्हालाही लागू.

एक, बंदुकीला तू हात लावू नको. परवाना काकांच्या नावावर आहे. वाकडं आहे का सरळ, हे बघायला नळीत डोकावणं तर अजिबात नको. रिकामी आहे म्हणून रिकामी धरलेल्या बंदुकीनेच माणसं गेली आहेत.

दोन, वाकडं वाटतंय तर तोवर ती चालवू नये, हे काकांना सांग. कललेल्या तोंडातून गोळी मारून बघणं ही चाचणी नव्हे.

तीन, काकांनी परवाना घेऊन शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाकडे जावं. कोण आहे माहीत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत किंवा आपल्या ठाण्यात विचारावं. वर्धेला एक चक्कर पडेल. पडू दे.

चार, दुरुस्तीवाल्याला तीन प्रश्न विचारावेत. नळकांडं फिरलंय का कललंय? दोष त्यात आहे का नळीच्या आट्यांत? आणि परत बसवल्यावर झिरो कोण, कुठे तपासणार? जो तिसऱ्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ म्हणेल, त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

पाच, आणि हे तुझ्यासाठी. तुला खरंच यातलं कळून घ्यायचं असेल तर रेंजवर ये. एनसीसीत जा. पॉइंट बावीसची डिलक्स रायफल पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मारायला देतात, आणि त्या पाच गोळ्यांआधी महिनाभर नळी पुसायला लावतात. त्या महिन्याभरात सगळं कळतं.

त्याने रात्री अकराला परत व्हॉइस नोट पाठवली. “दादा, काकाले सांगतलं. काका म्हणे, थे वाकडं नाहीच, थे तसंच असते. तिरकं कापलेलं डिझाइन आहे म्हणे. तुले कोनं सांगतलं वाकडं आहे म्हणून?”

मी बराच वेळ हसत होतो. मग घाम फुटला. कारण लेथवाल्याने ते ‘सरळ’ करून दिलं असतं.

चला, आज इतकंच. काका बरोबर आहेत का हेही तो परवानावालाच सांगेल, मी नाही. तुमच्या घरी, रेंजवर, एनसीसीत असं काही घडलं असेल तर आवाज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. नावं आणि नंबर काढून. आणि हो, गेम खेळा, खुशाल खेळा. तिथे कॉम्पेन्सेटर एका टॅपमध्ये बसतो. फक्त फोन खाली ठेवला की तो टॅपही तिथेच ठेवा.

भेटू पुढच्या शनिवारी.